१९ वर्षांची घोडी आणि ४० किलोमीटरची रपेट: न्यावी की थांबवावी?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न घोडीचा आहे आणि घरात त्यावरून दोन तट पडलेत, म्हणून धागा काढतोय.

आमची बिजली, काठियावाडी रक्ताची कुमैत (तांबूस अंग, काळी आयाळ) घोडी, कागदावर १९ वर्षांची. 'कागदावर' अशासाठी की अकलूजच्या बाजारात घेतली तेव्हा दात बघून वय ठरवलं होतं. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात आमच्या शेतावर पागा आहे, तिथे असते. पुतणी शाळेत असल्यापासून तिच्यावर बसते. दोघी लांब पल्ल्याच्या रपेटी करतात. पहाटे जांबोटीच्या रस्त्याला, कधी हलशीकडे, आणि हिवाळ्यात देशावर, सांगलीकडे, ओळखीचे घोडेवाले मिळून ४० किलोमीटरची फेरी ठरवतात, तिला. ही फेरी म्हणजे रेसकोर्स नव्हे आणि आपल्याकडची घोडागाडीची शर्यत तर अजिबात नव्हे. मध्ये थांबवून नाडी बघतात, लंगडणारा घोडा तिथेच बाहेर काढतात, आणि धड अवस्थेत पोचेल तो पास. परदेशात ज्याला एंड्युरन्स म्हणतात त्याचं हे घरगुती रूप समजा.

येत्या फेब्रुवारीत परत फेरी आहे. पुतणी म्हणते न्यायची. भाऊ म्हणतो, म्हातारीला आता दावणीला सुखानं खाऊ दे. मी अधांतरी. बिजलीचं खाणंपिणं ठीक आहे, दुडकीला घातली की कान पुढे करून निघते. पण पाठ जरा खाली आलीय, डोळ्यांवरचे खळगे खोल झालेत, आणि गेल्या हिवाळ्यात फेरीनंतर नाडी उतरायला नेहमीपेक्षा वेळ लागला असं मला वाटलं. पुतणीला तसं वाटलं नाही.

वय झालेले घोडे कुणी असे चालवलेत का? कुठे थांबायचं हे कसं ठरवलं?

खडेबाजार

उत्तर तुमच्या शेवटच्या चार ओळींतच आहे. पाठ खाली, खळगे खोल, नाडी उशिरा. आता कुणाला विचारताय?

कान पुढे करून निघते हा पुरावा नाही. घोडा कळपातलं जनावर, दुखणं लपवणं त्याच्या रक्तात असतं, कारण रानात लंगडणारा आधी खाल्ला जातो. माणूस मात्र त्याचा 'उत्साह आहे हो अजून' असा अर्थ लावतो. हौस आपली, गुडघे तिचे.

कुंदाप्रेमी

वाचनखूण साठवली. घोड्यातलं काही कळत नाही, पण भांडण चांगलं होणार असं दिसतंय.

वैद्य निपाणीकर

मी पशुवैद्य आहे. रोजचं काम गायी-म्हशींचं, पण निपाणी-चिकोडी भागात शर्यतीची घोडी बरीच, त्यामुळे तीही हाताखालून जातात.

आधी वयाबद्दल. पाच वर्षांपर्यंत दुधाचे दात पडून पक्के येतात, तोवर वय बऱ्यापैकी अचूक सांगता येतं. त्यानंतर झीज बघून अंदाज. वरच्या कोपऱ्यातल्या पुढच्या दातावर साधारण दहाव्या वर्षी हिरडीजवळ एक उभी खाच दिसू लागते, पंधराच्या सुमारास ती अर्ध्यावर येते आणि विशीत दाताच्या टोकापर्यंत पोचते. उद्या सकाळी ओठ वर करून बघा. पण खाणं, दाणा, माती यांनी झीज कमीजास्त होते, म्हणून १९ चे १७ ही निघू शकतात आणि २२ ही. या आकड्यावर घरात भांडू नका.

दुसरं, खडेबाजार यांनी मांडलेली तीन लक्षणं एकाच तागडीत घालू नका. डोळ्यांवरचे खळगे वयानं होतातच, त्यांचा पळण्याशी संबंध नाही. पाठ खाली येणं हेही काही अंशी वयाचं, पण तिथे खोगीर बसतं का हे बघायला हवं. दहा वर्षांपूर्वीच्या पाठीवर बेतलेलं खोगीर आज मध्ये पूल बांधल्यासारखं पुढे-मागे दोन जागीच टेकत असेल आणि सगळा भार त्या दोन जागांवर येत असेल. तिसरं, नाडी उशिरा उतरणं. खरं महत्त्वाचं हे, आणि नेमकं याच बाबतीत तुम्ही 'वाटलं' असं लिहिलंय. पुतणीलाही 'नाही वाटलं'. वहीत लिहिलेला आकडा आहे का?

घोड्याची विश्रांतीतली नाडी मिनिटाला २८ ते ४४. भर दौडीत २२० च्या वर जाते. लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत थांब्यावर आल्यावर ठरलेल्या मिनिटांत ती ६४ वर यावी लागते, नाही आली तर घोडा बाद. घरी एक साधी चाचणी करता येते. थांब्यावर नाडी मोजा. घड्याळ सुरू करून ४० मीटर दुडकीनं न्या आणि ४० मीटर परत आणा. घड्याळात मिनिट पुरं झालं की परत मोजा. आकडा पहिल्याइतका किंवा खाली आला तर ठीक. चारेक ठोक्यांपेक्षा जास्त वाढून आला तर घोडा थकलाय, त्याला पाणी कमी पडलंय किंवा कुठेतरी दुखतंय. दुखण्यानंही नाडी चढते हे लोक विसरतात.

ऑबर्नचा बेळगावकर

जन्म टिळकवाडीतला, आता कॅलिफोर्नियात ऑबर्नजवळ. माझं गाव म्हणजे टेव्हिस कप जिथे संपतो ते. १९५५ पासून ही रपेट चालते. सिएरा नेवाडाचे डोंगर ओलांडत २४ तासांत १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर. मी घोड्यावर बसत नाही, रात्री थांब्यावर पाण्याच्या बादल्या भरणाऱ्यांतला आहे.

इथे वयाची खालची मर्यादा कडक. टेव्हिसला घोडा किमान ६ वर्षांचा लागतो. अमेरिकन एंड्युरन्स राइड कॉन्फरन्स म्हणून १९७२ पासूनची संघटना आहे, तिच्या ५० मैलांच्या रपेटीला ५ वर्षं पुरी हवीत. वरची मर्यादा नाहीच. माझ्यासारख्याला आधी हे उलटं वाटायचं, पण हाडं आणि कण्याचे सांधे पक्के व्हायला साडेपाच-सहा वर्षं जातात, घाई केली तर नुकसान कायमचं. पिकल्या वयाच्या घोड्याला मात्र प्रत्येक थांब्यावरचा डॉक्टर बघतोच, मग जन्मसालाची वेगळी अट कशाला?

विशीतला घोडा इथे थांब्यावर आला तर कुणी डोळे विस्फारत नाही. त्याच संघटनेत एक मान आहे, तोच घोडा आणि तोच स्वार यांनी दहा वर्षं दरवर्षी निदान एक ५० मैलांची रपेट पुरी केली तर मिळतो. पहिल्या नंबराच्या बक्षिसापेक्षा लोक त्याचं कौतुक जास्त करतात.

आणि एल्मर बँडिटचं नाव सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. अर्धा अरबी घोडा. स्पर्धात्मक ट्रेल राइडमध्ये, जिथे शर्यत नसते, ठरलेल्या वेळेच्या चौकटीत यायचं आणि घोड्याच्या प्रकृतीला गुण असतात, तिथे हा ३७ व्या वर्षीही उतरत होता. आयुष्यभरात २० हजारांहून जास्त स्पर्धा-मैल. २०१० मध्ये ३८ व्या वर्षी गेला.

खडेबाजार

एल्मर बँडिट एक. त्याच्या वयात जे हजारो घोडे मेले किंवा लंगडे झाले त्यांची नावं कोण ठेवतं? आमच्या गल्लीत एक आजोबा ९४ व्या वर्षापर्यंत विड्या ओढत होते, म्हणून डॉक्टरांनी विड्या लिहून द्यायच्या का?

आणि आंतरराष्ट्रीय म्हणाल तर २०१८ ला अमेरिकेतच, ट्रायनला, जागतिक स्पर्धेची एंड्युरन्स उष्मा आणि दमटपणामुळे मधेच रद्द करावी लागली होती. तेही जगातले निवडक घोडे, बरोबर डॉक्टरांची फौज. आपल्या देशावरच्या फेब्रुवारीतल्या दुपारचं काय?

ऑबर्नचा बेळगावकर

विड्यांचा मुद्दा मान्य :) बँडिट अपवादच होता. मी त्याचं उदाहरण 'सगळ्यांनी करावं' म्हणून दिलं नाही. तो शर्यत पळत नव्हता हा त्यातला भाग महत्त्वाचा. ट्रायनचंही खरं.

वैद्य निपाणीकर

उष्म्यावर खडेबाजार यांना माझा पूर्ण पाठिंबा. न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठात तरुण आणि म्हाताऱ्या घोड्या ट्रेडमिलवर पळवून पाहिल्या. अंगातली उष्णता ४० अंश सेल्सियसला पोचायला म्हाताऱ्यांना तरुणांच्या साधारण निम्माच वेळ लागला. वय वाढलं की हृदयाचा कमाल वेग उतरतो, त्वचेकडे रक्त कमी जातं, घामाचं गणित बिघडतं. पायांकडे लक्ष देणारे लोक हे बघत नाहीत. म्हातारा घोडा लंगडायच्या आधी तापतो.

म्हणजे बिजलीसाठी ४० किलोमीटर हा आकडा दुय्यम. ते ४० किलोमीटर पहाटे पाचला सुरू होतात की सकाळी नऊला, हा खरा प्रश्न.

नालबंद शहापूर

डाक्टर बरोबर बोलूलेत. पण एक मी सांगतो. घोडं दावणीला बांधून नुसतं खाऊलंय म्हणजे ते गेलंच म्हणून समजा की ओ. पाय सुजतात, खूर वाढतं, पोट सुटतं. माझ्याकडं टांग्याची घोडी यायची त्या काळात बघितलंय, काम बंद केलेली घोडी वर्षात म्हातारी दिसायची. चालवा. पण पळवू नका गा.

आन खूर बघा आधी. तुमच्या खानापूरच्या पावसात तळवा मऊ पडतोय, मधला मऊ भाग कुजून वास येतोय. त्याच घोडीला फेब्रुवारीत देशावर नेली म्हणजे कडक रान, दगड. नाल मारून लगेच फेरीला जायचं नाही. आठ दिवस तरी आधी मारा, खिळा आत टोचूलाय काय ते तोवर कळतंय.

निवृत्त सुभेदार

कॅम्प भागात राहतो. नोकरीचा काही काळ फौजेच्या घोड्यांबरोबर गेला. नालबंदांचं म्हणणं शंभर टक्के खरं. आमच्याकडे शिस्त होती: पहिला पाऊण तास कदम (संथ चाल) आणि हलकी दुडकी, शेवटचे दोन किलोमीटर स्वार खाली उतरून तंग (खोगिराचा पट्टा) ढिला करून चालणार. घोडा पागेत येईल तेव्हा छाती कोरडी हवी.

एक सूचना. गरम घोड्यावर एकदम गार पाणी ओतू नका, पुठ्ठे आखडतात. आणि लगेच पोटभर पाणी पाजू नका, शूळ उठतो.

वैद्य निपाणीकर

सुभेदारसाहेब, कदम आणि तंग ढिला करण्याबद्दल सलाम. पाण्याबद्दल मात्र आदरपूर्वक विरोध.

१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकला घोडे उन्हाळ्यात पळणार होते, म्हणून त्याआधी थंड पाण्यानं गार करण्यावर बरंच संशोधन झालं. गार पाणी सगळ्या अंगावर, पुठ्ठ्यांवरसुद्धा, सतत ओतत राहिलं तर स्नायू आखडत नाहीत आणि उष्णता लवकर उतरते, असं त्यातून दिसलं. ओली चादर अंगावर टाकून ठेवणं उलट वाईट, खाली उष्णता कोंडते. बादलीमागून बादली ओता, थांबू नका.

पिण्याचंही तसंच. लांब पल्ल्यावर घोडा तासाला १० ते १५ लिटर घाम गाळू शकतो. त्यातून मिठाचा अंश इतका जातो की रक्तातलं मिठाचं प्रमाण फारसं वाढत नाही, म्हणून त्याला तहानच लागत नाही. अशा घोड्यानं स्वतःहून तोंड पाण्यात घातलं तर ते देव पावला म्हणून घ्यायचं, अडवायचं कशाला? वाटेत प्रत्येक पाणवठ्यावर पिऊ द्या. मीठ चंदीत (रोजच्या दाण्यात) मिसळा, पण क्षार पाजायचे तर घोडा पाणी पीत असतानाच. तहानलेल्या घोड्याला नुसते क्षार पाजले तर शरीरातलं उरलंसुरलं पाणी आतड्यात ओढलं जातं.

निवृत्त सुभेदार

आम्हाला उस्तादांनी शिकवलं ते सांगितलं. पण तुमची गार पाण्याची गोष्ट मी आमच्या पोलो खेळणाऱ्या भाच्याला विचारली, तोही तेच म्हणाला. ठीक आहे. तरी कदमाशिवाय आणून एकदम उभा करून पाजणं मला पटणार नाही.

वैद्य निपाणीकर

तेवढं चालेल. पाजा आणि चालवा.

बिजलीची स्वार

मीच ती पुतणी. काकांनी धागा काढल्याचं आज कळलं, तेही कॉलेजातल्या मैत्रिणीकडून!

तीन गोष्टी. एक, नाडीचे आकडे माझ्याकडे आहेत, फोनमध्ये. दोन वर्षांपूर्वीच्या फेरीत अर्ध्या वाटेच्या थांब्यावर १० मिनिटांत ५६. गेल्या वर्षी त्याच थांब्यावर १० मिनिटांत ६०. काका, तुम्हाला वाटलं ते खरं होतं, पण ६४ च्या आतच होती. दोन, मी तिला कधीही नंबरासाठी पळवलेली नाही. तीन, ट्रेलरमध्ये चढताना ती स्वतः पुढे जाते. खडेबाजारसाहेब म्हणतील हाही पुरावा नाही, म्हणा. पण जी गोष्ट तिला नको असते तिथे ती चार पाय रोवून उभी राहते, हे तिच्या नालबंदांना विचारा.

खडेबाजार

बाई, आकडे ठेवता म्हणून तुमच्याशी भांडायला मजा येईल. ५६ वरून ६०. म्हणजे घसरण आहे. पुढच्या वर्षी ६४ झाली तर 'नियमात बसते' म्हणणार, आणि ६६ झाली तर 'ऊन होतं' म्हणणार. मर्यादा दुसऱ्याच्या पुस्तकातली घेतली की असं होतं. तिची मर्यादा तिच्याच जुन्या आकड्यांवरून ठरवा.

वैद्य निपाणीकर

खडेबाजार, वैद्यकी सोडून तुम्ही भलत्याच धंद्यात गेलात. अगदी हेच लिहायला आलो होतो.

६४ हा आकडा धडधाकट अनोळखी घोड्यांना एका रांगेत तपासण्यासाठी आहे. जिची सवय ५६ ची आहे तिला ६४ म्हणजे ताप आलेला माणूस 'अजून १०४ नाही' म्हणून कामावर जातो, तसं झालं. शिवाय ५६ ते ६० हा फरक ऊन, वाऱ्याचा अभाव, त्या दिवशीची चाल, यांनीही पडू शकतो. म्हणून त्या दिवशीचं तापमान आणि किती वेळात थांब्यावर आलात हेही शेजारी लिहा, नाहीतर आकडा मुका राहतो.

धनगरवाडा

आमचा वाडा रायबागकडचा. चिंचलीच्या मायाक्काची जत्रा झाली की थोडं थांबतो, बाकी वर्षभर फिरस्ती. घोडी आमच्याकडं कायमच. आता भीमथडी जातीला सरकारी नोंदणी मिळाली म्हणून पेपरात आलं, आम्ही तर पिढ्यान्‌पिढ्या हीच ठेवतो.

म्हाताऱ्या घोडीला आम्ही सोडत नाही, बांधतही नाही. आधी बिऱ्हाड, भांडी, जड ओझं तिच्या पाठीवर असायचं, ते पोरसवदा घोडीवर जातं. म्हातारीवर दोन कोकरं, कोंबड्यांची पाटी. पुढं मात्र तीच चालते, कारण वाट आणि पाणवठे तिला ठाऊक. वाड्याबरोबर रोजची वाट ती मेंढराच्या चालीनं काढते. तिच्याच वयाची घोडी पळवली तर चार दिवसांत बसेल.

वजन कमी करा आणि घाई कमी करा, अंतर राहू दे. आमचा हिशोब एवढाच.

अंकलीचा पाहुणा

धनगरवाड्याच्या बोलण्यावरून आठवलं. आपल्याच चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी माउलींच्या सोहळ्यासाठी आळंदीला निघतात, आणि गाडीतून नव्हे, पायी. कृष्णा ओलांडून मिरज-सांगलीकडून पुढे, साधारण ३०० किलोमीटर, दहा-अकरा दिवसांत. तिथून पुन्हा पालखीबरोबर पंढरपूर, वाटेत रिंगण. एका अश्वावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसऱ्यावर कुणीच बसत नाही, तो माउलींचा. लांब पल्ला म्हणजे काय ते आपल्या भागातल्या लोकांना अमेरिकेकडून शिकायला नको.

रिंगणाची दौड काही मिनिटांची. बाकी सगळी चाल. रोज मुक्काम, रोज मालिश, रोज चंदी.

ऑबर्नचा बेळगावकर

अंकलीचं ऐकून होतो, ३०० किलोमीटर पायी हे माहीत नव्हतं. इथल्या लोकांना सांगितलं तर ते टेव्हिस पुरी केल्यावर मिळणारं पट्ट्याचं बकल काढून देतील. रोज ठरावीक मजल आणि रोज तपासणी, हे एका दिवसात १६० किलोमीटर ओढण्यापेक्षा म्हाताऱ्या घोड्याला नक्कीच सोपं.

वकीलताई चिकोडी

रुक्ष मुद्दा मांडते, क्षमस्व. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये वय, आजार, अशक्तपणा किंवा जखम यांमुळे कामास अयोग्य असलेल्या जनावराला कामाला जुंपणं हा गुन्हा आहे. 'वय' हा शब्द कायद्यात स्पष्ट आहे. पण वय किती हे लिहिलेलं नाही, अयोग्य आहे का हेच बघतात. म्हणून फेरीआधी पशुवैद्याचं लेखी प्रमाणपत्र घ्या. तुमच्याच हिताचं.

दुसरं, तुम्ही कर्नाटकातून महाराष्ट्रात घोडी नेणार. घोड्यांत ग्लँडर्स हा रोग माणसालाही होतो आणि तो कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. रक्ततपासणीचा अहवाल आणि आरोग्य प्रमाणपत्र गाडीत ठेवा. कोगनोळी नाक्यावर मध्यरात्री वाद घालत घोडी ट्रेलरमध्ये उभी ठेवणं हा तिच्यावर फेरीपेक्षा मोठा ताण.

कुंदाप्रेमी

अवांतर: ट्रेलरमधल्या प्रवासाचा थकवा कुणी मोजतं का? कारनं खानापूर ते सांगली मीच आंबून जातो.

वैद्य निपाणीकर

अवांतर नाही, मुद्द्याचं आहे. घोडा उभ्यानं प्रवास करतो, प्रत्येक वळणाला तोल सावरतो, म्हणजे स्नायूंचं काम चालूच. डोकं वर बांधून ठेवलं तर श्वासनलिकेतली घाण खाली निथळत नाही आणि फुफ्फुसाला संसर्ग होतो. दोर सैल ठेवा, मधे थांबून मान खाली घालू द्या. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा, रात्रभर विश्रांती.

खाण्याबद्दल कुणी विचारलं नाही. काय घालता?

मलप्रभाकाठ

डॉक्टर, जोंधळ्याचा कडबा, हंगामात उसाचं वाढं, बांधावरचं हत्तीगवत. सकाळ-संध्याकाळ गव्हाचा कोंडा आणि भिजवलेले हरभरे. आणि हो, हल्ली कडब्याचे चघळलेले गोळे दावणीत पडलेले सापडतात.

वैद्य निपाणीकर

ते गोळे म्हणजे दाढा. घोड्याच्या दाढा आयुष्यभर वर येत राहतात आणि घासत राहतात. वरचा जबडा रुंद, खालचा अरुंद, म्हणून वरच्या दाढांना बाहेरून आणि खालच्यांना आतून धारदार कडा येतात. गाल आणि जीभ कापते, घोडा नीट चावत नाही. वर लगाम लावला की तिथेच दाब. अशी घोडी मान झटकते, एका बाजूला वळायला नको म्हणते, आणि स्वाराला वाटतं म्हातारी हट्टी झाली. कानस मारून घ्यायला हवी, या वयात दर सहा महिन्यांनी बघायला हवं.

चारा बदला. हत्तीगवत आणि वाढं यांत ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम अडकवून ठेवतं. कोंड्यात फॉस्फरस भरपूर, तेही कॅल्शियमच्या मुळावर येतं. दोन्ही एकत्र म्हणजे हाडांतून कॅल्शियम काढून शरीर गाडा चालवतं. तरुण घोडीला वर्ष-दोन वर्षं कळत नाही. म्हातारीला फेरीत घाम गेला की हृदयाच्या ठोक्याबरोबर कूस उडायला लागते, उचकी लागल्यासारखी. तसं दिसलं तर जागेवर थांबायचं. लसूणघास सुरू करा, त्यात कॅल्शियम चांगलं असतं. कोंडा निम्म्यावर आणा. बदल एकदम नको, दोन आठवड्यांत हळूहळू. दाढा सुधारेपर्यंत कडब्याची कुट्टी करून भिजवून घाला.

आणि एक स्पष्ट विचारतो. गुडघ्या-सांध्यांसाठी दुखण्याचं औषध चालू आहे का?

बिजलीची स्वार

नाही. काकूंनी तेलानं मालिश सुरू केलीय, तेवढंच.

वैद्य निपाणीकर

मग उत्तम. औषध दिल्यावरच जी घोडी सरळ चालते, ती फेरीला जाणार नाही. हा माझ्याकडचा एकमेव नियम, बाकी सगळं चर्चेला मोकळं. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही वेदनाशामक देऊन उतरवायला बंदी आहे, आणि कारण तेच: दुखणं झाकलं की घोडा मोडेपर्यंत पळतो.

मलप्रभाकाठ

मंडळी, थोडी प्रगती. शेजारच्या गावातल्या पशुवैद्यांना बोलावून बिजली तपासून घेतली. दातावरची खाच जवळजवळ टोकाला, म्हणजे १९-२० धरायला हरकत नाही म्हणाले. हृदयात खरखर नाही. पाय वाकवून धरून मग दुडकीला घातली, तर मागचा डावा पाय पहिली काही पावलं आखडला, नंतर सुटला. दाढांना दोन ठिकाणी मोठ्या कडा होत्या, त्या काढल्या. केस वेळेवर गळतात का हे त्यांनी मुद्दाम विचारलं. उन्हाळ्यातही लांब, कुरळे केस राहिले तर म्हाताऱ्या घोड्यांत मेंदूतल्या ग्रंथीचा आजार असतो आणि त्यातून खूर बिघडतात म्हणे. बिजलीचे गळतात.

भावाला धागा वाचून दाखवला. तो म्हणाला, खडेबाजार माझ्या मनातलं बोलले, पण आकड्यांचं पटतंय.

घरात ठरलं ते असं. अंतर ४० च राहील की निम्मं हे जानेवारीत घरच्या रपेटींचे आकडे बघून. फेरीवाल्यांशी बोललो, ते आम्हाला उजाडायच्या आधी सोडायला तयार आहेत. चाल कदम आणि दुडकी, दौड नाही. अर्ध्या वाटेवर १० मिनिटांत ६० च्या वर नाडी असेल तर तिथेच संपलं, ट्रेलर तिकडेच उभा असेल. आणि थांबवायचा अधिकार पुतणीकडे नाही, माझ्याकडेही नाही. भावाकडे. तो स्टेथोस्कोप घेऊन बसणार आहे.

बिजलीची स्वार

निषेध नोंदवते. बाबांना नाडी मोजता येत नाही, ते ठोके मोजताना मध्येच बोलतात.

खडेबाजार

ज्याला तिनं न गेलेलं चालेल त्याच्याच हातात अधिकार दिलात, हे बेस्ट. मी अजूनही तिला नेणार नाही, पण तुम्ही नेताय तर असंच न्या. तुमच्या भावाला नाडी मोजायला शिकवा: डाव्या कोपरामागे, १५ सेकंद मोजून चारनं गुणायचं, आणि तोंड बंद.

धनगरवाडा

फेब्रुवारीत आमचा वाडा मिरजेच्या पुढं असतो. वाटेत दिसलात तर हाक मारा.

नालबंद शहापूर

सगळं ठरलं, नालाचं कुणी बोलूलं नाही. पुढचे दोन झिजलेत, मागच्या डाव्याला मी थोडी रुंद टाच देतो, आखडतोय म्हणालात न्हवं. शनवारी येऊ नका, बाजार असतोय, गाडी लावायला जागा नाही. सोमवारी सकाळी या, घोडी उपाशी आणू नका.